घराचा भाव वाढला, तो कोणासाठी?
(प्रस्तावना)

इंझोरीसारख्या गावात शेताचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. कोणत्या धुऱ्याचा एकर किती लाखाला गेला, विहिरीसकट गेला की कोरडवाहूच गेला, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. घराचा भाव मात्र कोणी काढत नाही. घर आजोबांनी बांधलेले असते, वडिलांनी त्यावरची टिनपत्रे बदललेली असतात आणि पुढे भावाभावांनी मधे भिंत घालून ते वाटून घेतलेले असते. ते विकायचे नसते, म्हणून त्याची किंमत करायची वेळही येत नाही. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या एकट्या गावाची नव्हे, वऱ्हाडातल्या बहुतेक गावांची हीच रीत आहे.

आता या रीतीने भागणार नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूंना त्यावर चढता-उतरता येते. रस्त्यासाठी थेट खरेदीने घेतलेल्या जमिनीला रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला आणि त्यातला बराच पैसा प्लॉटात नि घरात उतरला. मानोरा तालुक्याला या रस्त्याचा स्पर्श नाही. पण जमिनीच्या भावाची बातमी तालुक्याची हद्द पाळत नाही. दुसरीकडे, प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला जागा घ्यायला राज्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५० हजार मिळत, ते वाढवून १ लाखापर्यंत करावे लागले. गावातली दोन खणांची जागाही महाग झाल्याची ही सरकारी कबुलीच आहे.

भाव वाढणे ही चांगली बातमी वाटते आणि कर्ज काढायला निघालेल्या माणसाला ती तशीच सांगितली जाते. घराचा भाव दरवर्षी वाढतच असतो, आज कर्ज काढून बांधा, उद्या दुप्पट होईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे पुस्तक त्या वाक्याच्या पुढच्या प्रश्नासाठी आहे: वाढ झाली, ती कोणाच्या पदरात पडली? घरात राहणाऱ्याच्या, बँकेच्या, सावकाराच्या की भाऊबंदकीत अडकलेल्या कोणाच्याच नाही? माझे म्हणणे असे की त्याचा निकाल बाजार लावत नाही, कर्जाचा कागद लावतो. भाव वाढण्याआधी ज्या कागदावर सही झाली, त्यानेच वाढ कोणाची हे ठरून गेलेले असते.

हे सर्वांत उघड दिसते ते सावकारी व्यवहारात. लग्न, दवाखाना, बुडालेला हंगाम, कारण कोणतेही असो. माणूस दोन-तीन लाखांसाठी सावकाराकडे जातो आणि सावकार गहाणखत करत नाही. तो म्हणतो, घर लिहून दे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रीतसर खरेदीखत होते, दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, अंगठे उमटतात, फोटो निघतात. पैसे परत केले की घर पुन्हा नावावर करून देईन, हा शब्द मात्र तोंडी राहतो, नाहीतर वेगळ्या स्टँपवर नोटरीसमोर लिहिला जातो. घरात राहणारा तोच राहतो, चूल तीच पेटते, म्हणून त्याला वाटते की घर गहाण आहे. कायद्याच्या नजरेत ते विकलेले असते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे प्रकार कलम ५८ मध्ये सांगितले आहेत. त्यांपैकी एक शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण. पण १९२९ च्या दुरुस्तीनंतर एक अट आली: परत देण्याची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच ते गहाण धरायचे. शर्त वेगळ्या कागदावर असेल तर तो व्यवहार विक्रीचा. गहाण असेल तर कलम ६० प्रमाणे कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा हक्क मालकाकडे राहतो, आणि १९६३ च्या मुदत कायद्याने त्यासाठी ३० वर्षांची मुदत आहे. दरम्यान घराची किंमत तिप्पट झाली तरी सोडवणाऱ्याने द्यायचे ते कर्ज नि व्याज, वाढीव किंमत नव्हे. विक्री असेल तर ती तिप्पट किंमत खरेदीदाराची. माणूस तोच, घर तेच, रक्कमही तीच. फरक पडला तो एक ओळ कोणत्या कागदावर लिहिली एवढ्याने.

भाव स्थिर असतो तोवर असा सावकार पैसे परत घ्यायला राजी असतो. भाव चढला की त्याला घरच हवे असते. मग तो भेटत नाही, हिशेब दाखवत नाही, व्याजावर व्याज चढवतो. भाववाढ इथे कर्जदाराच्या विरुद्ध काम करते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने यावर एक दार उघडले आहे. सावकारीच्या ओघात गेल्या १५ वर्षांत लिहून घेतलेली स्थावर मालमत्ता असेल, तर कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात हा अर्ज वाशीमला करायचा. ज्यांना या तरतुदीची गरज आहे त्यांच्या कानावरच ती गेलेली नसते, म्हणून तिच्यासाठी पुढे एक सबंध प्रकरण ठेवले आहे.

हा खेळ नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास जमिनीची मोजणी होऊन धारा ठरला, जमीन नावावर आली, विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. जमिनीला किंमत आली तशी कर्ज देणारेही उदार झाले. युद्ध संपले, कापूस उतरला. कर्जाचे आकडे मात्र चढलेल्या भावाच्या हिशेबानेच राहिले. पुण्याकडे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते ओढून जाळली, आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. त्या कायद्याने न्यायालयाला कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता हे पाहण्याची मुभा दिली. वऱ्हाड तेव्हा त्या कायद्याबाहेर होते. इंझोरीचा शेतकरी ज्या कारंज्याच्या बाजाराला जातो, तिथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. कापसाच्या मापाला आणि भावाला नियम आले. ज्या घरातून तो कापूस निघत होता, त्या घराच्या कागदाला मात्र नियम यायला फार वर्षे गेली.

ती वर्षे अजून पूर्ण संपलेली नाहीत. गावठाणातल्या घराचा कागद म्हणून बहुतेकांकडे काय असते? ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो एकदा हातात घेऊन नीट वाचावा. मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकाम मातीचे की विटांचे की स्लॅबचे, क्षेत्रफळ, घराचे वय, त्यावरचा घसारा आणि मग भांडवली मूल्य नावाचा एक रकाना. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून घरपट्टी याच मूल्यावर बसते. म्हणजे ज्या घराची किंमत आपण कधी काढली नाही असे समजतो, ती ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिलेली आहे आणि तिच्यावर दरवर्षी कर भरला जातो. पण नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ हा वेगळाच, तो शेताच्या खात्याचा. दोन्हींची गल्लत होऊन माणसे बँकेत चुकीचा उतारा घेऊन जातात आणि हेलपाटा पडतो.

मालकी सांगणारा कागद म्हणजे मिळकत पत्रिका आणि सनद. शहरांना ती पूर्वीच मिळाली. गावठाणांची मोजणी मात्र रखडलेली होती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ ला देशातल्या ५० हजारांहून जास्त गावांतल्या ६५ लाखांवर मिळकत पत्रिकांचे एका दिवशी वाटप झाले, त्यांत महाराष्ट्राची गावेही होती. माझ्या मते गेल्या काही दशकांत गावातल्या घरासाठी झालेले हे सर्वांत मोठे काम आहे, महामार्गापेक्षाही मोठे. महामार्गाने भाव वाढतो. पण पत्रिका नसेल तर वाढलेल्या भावावर बँकेचे कर्ज मिळत नाही आणि माणूस पुन्हा खरेदीखत मागणाऱ्याच्या दारात जातो.

गावठाणाबाहेर, शेताच्या तुकड्यावर बांधलेल्या घरांची अडचण आणखी वेगळी. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांची नोंदणीकृत खरेदी होत नव्हती, म्हणून नोटरीवर प्लॉट विकले गेले. घर बांधले, वीज आली, नळ आला, भावही वाढला. बँकेच्या लेखी मात्र तारण शून्य. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे अकृषिक होणे सोपे झाले आहे. आपले घर त्या पट्ट्यात आहे का, हे आधी पाहावे.

कागद पुरे झाले असे धरू. मग बँक किती देते? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के. पण किंमत म्हणजे कोणती? बँकेच्या मूल्यांकनकाराने काढलेली आणि खरेदीखतात लिहिलेली, यांपैकी जी कमी ती. इथे आपल्याकडची एक वाईट सवय आडवी येते. घर १२ लाखांना ठरते, खरेदी सरकारी दराने ८ लाखांची दाखवली जाते, उरलेले रोख. मुद्रांक शुल्कात थोडे वाचते. पण कर्ज ८ लाखांवर बसते, आणि उरलेल्या ४ लाखांसाठी घेणारा पुन्हा खासगी व्याजाने पैसे उचलतो. रेडी रेकनरचे दर बाजाराच्या मागून चालतात. राज्यात ते आधीची दोन वर्षे जागेवर ठेवले होते आणि २०२५-२६ ला सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवले. जिथे भाव झपाट्याने चढला, तिथे कागद आणि बाजार यांच्यातले अंतर रुंदावते, आणि ते अंतर भरून काढायला सर्वांत महाग कर्ज लागते. पूर्ण किंमत कागदावर दाखवा, हा सल्ला प्रामाणिकपणाचा आहेच, पण तो नफ्याचाही आहे.

मूल्यांकनकार पाहतो काय, हेही समजून घ्यावे. भाव वाढतो तो जागेचा. बांधकामाचा वाढत नाही, ते दरवर्षी झिजते आणि त्याला घसारा लागतो. कर्ज काढून साध्या जागेवर फार मोठा बंगला बांधला, संगमरवर घातला, तर तो खर्च गावातल्या घराच्या किमतीत क्वचितच परत दिसतो. राहण्यासाठी हौस जरूर करावी. पण ती हौस आहे, गुंतवणूक नव्हे, हे हप्ता ठरवताना लक्षात असावे.

आता हिशेब. १० लाख रुपये, ९ टक्के, २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते १,४९७. पाच वर्षांत सुमारे ५ लाख ४० हजार भरून होतात, आणि तरीही ८ लाख ८७ हजार बाकी दिसते. बँकेने फसवले असे तेव्हा पुष्कळांना वाटते. फसवलेले नसते, व्याज असेच आधी वसूल होते. २० वर्षांत एकूण २१ लाख ५९ हजार जातात. हेच कर्ज १० वर्षांत फेडले तर हप्ता १२,६६८ आणि एकूण १५ लाख २० हजार.

याच्या शेजारी घराचा भाव ठेवून पाहा. १० लाखांचे घर दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढले तर २० वर्षांनी २१ लाख ९१ हजारांचे होते. म्हणजे दुपटीहून जास्त वाढूनही ते आपण भरलेल्या पैशाच्या जेमतेम बरोबरीला आले. ३ टक्के धरले तर १८ लाखांवर थांबते. दुप्पट झाले म्हणून आनंद मानणारे भरलेले व्याज मोजत नाहीत. अर्थात, तेवढी वर्षे डोक्यावर छप्पर मिळाले आणि शहरात असाल तर भाडे वाचले, हा लाभ खरा. वाशीमला किंवा पुण्याला घर घेणाऱ्या मुलाच्या हिशेबात भाडे धरावेच लागते. इंझोरीत वडिलांच्या घरावर मजला चढवणाऱ्याच्या हिशेबात ते येत नाही. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाचे नुकसान करतो.

व्याजदराचा धोका गावात सर्वांत कमी समजतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो ६.५ टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये उतरत डिसेंबरला ५.२५ वर आला. याचा अर्थ आकड्यात असा: ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या १० लाखांचा हप्ता ७,७५३ रुपये. दर ९.५ झाला की नुसते व्याजच महिन्याला ७,९१७ होते. हप्ता तोच ठेवला तर तो व्याजालाही पुरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे आणि स्थिर दराकडे जाण्याचाही पर्याय द्यावा. विचारले गेले नाही तर आपण विचारावे. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. म्हणून कापसाचा, सोयाबीनचा पैसा आला की एखादा जास्तीचा भरणा मुद्दलात करावा. सुरुवातीच्या वर्षांत भरलेले २० हजार शेवटच्या वर्षांतल्या २० हजारांपेक्षा कितीतरी जास्त व्याज वाचवतात.

शेतकऱ्याचे उत्पन्न महिन्याचे नसते. सोयाबीन दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर, तूर उन्हाळ्याच्या तोंडाशी. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हाच तीन हप्ते थकतात आणि खाते बुडीत गणले जाते. काही बँका हंगामाप्रमाणे सहामाही हप्ते बांधून देतात. अर्ज करतानाच ते मागून घ्यावे. आणखी एक: पीककर्जाला १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. तेवढ्यासाठी घराचे कागद कोणाच्याही हवाली करू नयेत.

भाव वाढला की वाढीव कर्ज द्यायला बँकेचा फोन येतो. घराची किंमत वाढली, जुने कर्ज थोडे फिटले, मधल्या जागेवर नवे कर्ज मिळते. मुलीच्या शिक्षणासाठी ते सावकारापेक्षा लाख पटीने बरे. लग्नाच्या मांडवासाठी घेतले तर वाढलेला भाव एका दिवसात खर्च होतो आणि हप्ता १५ वर्षे राहतो. अमेरिकेत २००८ च्या आधी लाखो कुटुंबांनी हेच केले. भाव चढतोच, या भरवशावर घरावर पुन्हा पुन्हा कर्ज काढले. भाव कोसळले तेव्हा घरापेक्षा कर्ज मोठे झाले. आपल्याकडे भावाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा निर्देशांक २००७ पासून आहे, पण तो ५० शहरांचा. गावातला भाव उतरला तर ते कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही की मगच कळते.

भाववाढ नात्यांतही शिरते. घर स्वस्त होते तोवर बहिणी हक्कसोड लिहून देत होत्या. आता बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागते, आणि बहीण सही करायला वेळ घेते तेव्हा ती लोभी झाली असे म्हणतात. मला हे मान्य नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. घराची किंमत वाढली तर तिच्या हिश्श्याचीही वाढली. तिला डावलून उभे केलेले कर्ज पुढे दिवाणी न्यायालयात अडकते आणि तेव्हा घराचा भाव कितीही असो, ते विकताही येत नाही आणि सोडवताही येत नाही.

बँकेचे गहाणही दयाळू नसते. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याने ती घर लिलावात काढू शकते. पण कर्ज नि खर्च वजा जाऊन जे उरते ते कर्जदाराला परत द्यावे लागते, आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत केले नाहीत तर बँकेच्याच चुकीच्या विलंबाबद्दल दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. वाढीव किंमत इथे घरमालकाची राहते. सावकाराच्या खरेदीखतात ती राहत नाही. या एका फरकासाठी बँकेचे चार हेलपाटे सोसावेत, असे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्याने घर लिहून दिले आहे त्याने सावकारी कायद्याचे प्रकरण आधी वाचावे, १५ वर्षे मोजावीत आणि वेळ न घालवता अर्ज करावा. बाकीच्यांनी कर्जाचा विचार करण्याआधी दोन कामे करावीत: ग्रामपंचायतीतून नमुना ८ काढून त्यावरचे नाव आणि क्षेत्रफळ तपासावे, आणि मानोऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आपल्या गावठाणाची मिळकत पत्रिका तयार झाली आहे का याची चौकशी करावी. नाव चुकले असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या. कर्जाची घाई असते त्या दिवशी ते होत नाही.